आपला खांब

मोठ्या देवळात किंवा चर्चमध्ये शिरलं की बाकीच्यांच्या माना वर जातात आणि माझी खाली जाते. निवृत्त झाल्यावर मी सहलींबरोबर बरीच हिंडले. दक्षिणेतली गोपुरं पाहिली, संगमरवरी देवळं पाहिली, सोन्याचा पत्रा चढवलेले कळस पाहिले, आणि एकदा परदेशात जाऊन रंगीत काचांच्या खिडक्यांखाली मान दुखेपर्यंत उभ्या राहिलेल्या आमच्या बायकाही पाहिल्या. यातलं मला फारसं काही भिडत नाही, हे आधीच सांगून टाकते. उंच घुमट दिसला की माझ्या मनात पहिल्यांदा येतं ते हे की परांचीवरून किती माणसं खाली पडली असतील. छतावर रंगवलेल्या त्या गुबगुबीत पंखवाल्या पोरांच्या चेहऱ्यावरच्या भावाबद्दल गाइड बोलत होता, तेव्हा मी मनात म्हणत होते की यांना आधी कुणीतरी चड्ड्या घाला. पण दान देणाऱ्यांची नावं मात्र मी न चुकता वाचते. ती फरशीवर असतात, पायरीवर असतात, बाकाच्या पाठीवर असतात, आणि आपल्याकडे तर पंख्याच्या पात्यांवरसुद्धा असतात. अमक्याच्या स्मरणार्थ असं पात्यावर लाल रंगाने लिहायचं आणि मग बटण दाबून त्या बिचाऱ्याला गरागरा फिरवायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मी मानते. सहलीतल्या बायका विचारतात, तुम्ही सारखं खाली बघून काय शोधता हो? मी म्हणते, चप्पल. त्या हसतात आणि पुढे जातात. नावं वाचायची ही खोड मला कुठे लागली आणि ती कुणाला किती महाग पडली, ते इथे लिहून ठेवते. त्यात माझं काही चांगलं दिसणार नाही.

आमची वस्ती मळवलीच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर होती. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत चावीवाला होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज ठरलेल्या टप्प्यातले रूळ पायी तपासायचे, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या, हे त्यांचं काम. रूळ ठोकला की त्याच्या आवाजावरून त्यांना कळायचं, आत कुठे तडा आहे की नाही. ही सवय त्यांनी घरीही आणली होती. नवीन माठ आला की बोटाने वाजवायचे, फणस वाजवायचे, आणि मी लहान असताना परीक्षेला निघाले की माझ्या डोक्यावर टकटक करून म्हणायचे, "हाय, घट हाय." सकाळी पहिल्यांदा ऐकू यायचा तो आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग घाटाकडे निघालेल्या मालगाडीचा, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी दादांच्या हातोड्याचा. लांब लांब जाणारा तो आवाज ऐकून आई सांगायची की आता ते पुलाशी पोचले, आता फाटकाशी. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि भाताच्या खाचरात खेकडे सापडायचे त्या दिवसांत खेकड्याचा लालभडक रस्सा, असं आमचं जेवण. रस्सा झाला की आई दादांच्या ताटात सगळ्यात मोठा नांगा घालायची आणि म्हणायची, "घ्या, तुमच्यासारकाच वाकडा हाय." आमच्या घरात माया दाखवायची ती अशी टोमण्यातूनच. कुणी कुणाला गोड बोललं तर बाकीच्यांना वाटायचं, याला ताप आलाय. माझी जीभ तिथेच धारदार झाली. पण त्या दोघांच्या टोमण्याला मर्यादा होती, माणूस कुठे दुखरा आहे ते त्यांना माहीत असायचं आणि तिथे ते बोट लावायचे नाहीत. मला ही मर्यादा कधी समजलीच नाही.

दादा चौथी शिकलेले होते. अक्षराला अक्षर लावून वाचायचे, आणि पगाराच्या कागदावर सही करताना त्यांची सही उतारावरून घसरल्यासारखी कोपऱ्यात जायची. त्यांच्या आयुष्यात अभिमानाची अशी एकच गोष्ट होती, आणि ती होती कार्ल्याच्या लेण्यातला एक खांब.

दर पौर्णिमेला आम्ही तिघं कार्ल्याचा डोंगर चढायचो. पायऱ्यांवर एकवीरेला निघालेल्या माणसांची गर्दी असायची, नारळ, हार, कोंबड्या, बँड, घामाघूम झालेल्या नव्या नवऱ्या. लेण्याच्या तोंडाशीच देवीचं देऊळ आहे, त्यामुळे तिची रांग आणि आमची वाट एकमेकांत गुंतायची. त्या गोंगाटातून आम्ही आत शिरायचो आणि एकदम गार व्हायचं. आत दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला स्तूप, आणि वर कमानदार छताला लाकडी फासळ्या. त्या फासळ्या दोन हजार वर्षांच्या आहेत म्हणून लोक तोंडात बोट घालतात. मी दहाएक वर्षांची असताना दादांना विचारलं होतं की हे सगळं एका डोंगरात कोरलेलं आहे, मग या लाकडांवर काय पेललंय? दादांनी बराच वेळ वर बघितलं आणि कबूल केलं की काहीच नाही. मग त्या कशाला लावल्या, म्हटलं. त्यावर ते आपल्या खांबाकडे चालायला लागले. पुढे मला उत्तर कळलं, की ज्यांना लाकडी घरांची सवय होती त्यांना दगडाच्या छतालाही वासे असल्याशिवाय चैन पडेना. पण त्या दिवशी मला एवढंच समजलं की मोठी माणसं ज्यापुढे हात जोडतात त्याला प्रश्न विचारला तर ती गप्प होतात, आणि त्यात मला फार मजा वाटली. खांबांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी आहेत. त्यांच्याकडे बघून मी म्हणाले होते की सगळं सोडून आलेल्या भिक्खूंच्या डोक्यावर ही नटूनथटून बसलेली जोडपी कशाला बसवली, चिडवायला? आईने तेव्हा माझ्या दंडाला चिमटा काढला होता.

दादांचा खांब डाव्या रांगेत होता. त्याची कथा अशी. धर्मांतरानंतर पहिल्यांदा एक भन्ते वस्तीतल्या लोकांना घेऊन लेण्यात गेले होते. माझा आजा त्यात होता. तोवर तो डोंगरावर लाकूडफाट्यासाठी गेलेला होता, आत कधी गेला नव्हता. खांबांवर काही अक्षरं कोरलेली आहेत, ती देणाऱ्यांची नावं आहेत असं भन्तेंनी सांगितलं. राजाने एकट्याने हे केलेलं नाही, कुणी सुतार, कुणी अत्तर विकणारा, अशा तुमच्यासारख्या साध्या माणसांनी एकेक खांब दिला आणि हे उभं राहिलं, असंही ते म्हणाले. आज्याने ते शब्दशः घेतलं. तुमच्यासारख्या म्हणजे आमीच की. त्याने हात लांब केला, जवळच्या खांबावर ठेवला आणि म्हणाला, मग ह्यो आमचा. त्या गर्दीत दादाही होते, आज्याच्या धोतराला धरून. त्या दिवसापासून तो खांब आमचा झाला. गावच्या विहिरीवर, गावच्या देवळात, गावच्या पंगतीत ज्याचं काही नव्हतं, त्या माणसाचा डोंगरात एक अख्खा दगडी खांब होता आणि त्यावर लेखी पुरावा होता. दादा दर पौर्णिमेला वंदना झाली की त्या खांबापाशी जायचे, बोटाच्या पेराने हळूच वाजवायचे आणि मला सांगायचे, "ह्यो आपला खांब, नंदे. हितं आपलं नाव हाय." मी बारा वर्षांची होईपर्यंत मलाही ते खरं वाटत होतं. नंतर मला दादांची लाज वाटायला लागली, कारण ते अनोळखी माणसांनाही थांबवून सांगायचे.

मग मी पुण्याला शिकायला गेले, मुलींच्या वसतिगृहात राहिले आणि प्राचीन इतिहास हा विषय घेतला. दादांना वाटलं, मी खांबासाठी घेतला. मी घेतला तो वेळापत्रकात तेवढाच बसत होता म्हणून. आमचे एक सर शनिवारी दुपारी ब्राह्मी लिपी शिकवायचे. बाकीच्या मुली झोपा काढायच्या, मी मात्र झपाटल्यासारखी शिकले. माणसं काय सांगतात त्यावर जाऊ नका, दगड काय सांगतो ते बघा, असं सर म्हणायचे. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी माणसांचं ऐकणंच बंद केलं. पुरावा हा माझा आवडता शब्द झाला. सुट्टीत घरी आले की मी आईच्या औषधी काढ्यालाही पुरावा मागायची. आई म्हणायची, "पी गप, न्हाईतर पुरावा पाठीत बसंल." त्या वर्षात मी बोलायलाही पुण्याचं शिकले. घरात शिरले की माझ्या तोंडून 'नाही' असं निघायचं आणि दादा ते हळूच स्वतःशी म्हणून बघायचे, 'नाही, नाही', आणि परत 'न्हाई'वर यायचे.

त्याच सुमारास वस्तीत विहार बांधायचं निघालं. आधी पत्र्याची शेड होती, तिच्या जागी स्लॅब, समोर चार खांब आणि वर सिमेंटचा छोटा घुमट असं ठरलं. समितीचे पुढारी होते सोपानकाका. कारखान्यात कामाला, मिशीवाले, बोलण्यात चलाख. त्यांचं म्हणणं, खांबांवर देणगीदारांच्या नावांच्या फरशा लावू. दादांनी सभेत हात वर केला. ते सभेत कधी बोलायचे नाहीत. दर्शनी खांबावर आपल्या कार्ल्याच्या खांबावरची अक्षरं काढू, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल की आपली वस्ती आजची नाही, असं ते म्हणाले. अक्षरं आणणार कुठून, असं विचारल्यावर त्यांनी पिशवीतून जुन्या कॅलेंडरची पानं काढली. वर्षभर ते सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून जात होते आणि खांबासमोर बसून, एका वेळी दोन-तीन अक्षरं, पानांच्या पाठीवर पेन्सिलीने उतरवून घेत होते. अंतर मोजायला बोटं. रुळांमधली फट ते जशी मोजायचे, तशीच त्यांनी अक्षरांमधली मोजली होती. सभा त्यांच्या बाजूने झाली. गिलावा ओला असतानाच अक्षरं काढावी लागतात, वाळला की खिळा फिरत नाही, म्हणून गवंडी खिळ्याने रेघा ओढत होता आणि दादा शेजारी कॅलेंडर धरून उभे होते, रजा टाकून. आईने हे सगळं मला पत्रात शेजारच्या मुलीकडून लिहून कळवलं होतं. शेवटी लिहिलं होतं की उद्घाटनाला ये, तुला वाचून दाखवायचं आहे.

मी सकाळी पोचले. चहासुद्धा न देता दादांनी मला हाताला धरून विहारापाशी नेलं. चार खांबांना पांढरा रंग दिला होता आणि पहिल्यावर अक्षरं निळ्या रंगात भरली होती. दादांनी विचारलं, बरोबर आलीत का? मी वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. अक्षरं अगदी बरोबर होती. ज्या माणसाला स्वतःची सही सरळ रेषेत काढता येत नव्हती, त्याने दोन हजार वर्षांपूर्वीच्या लिपीत एक काना इकडचा तिकडे केला नव्हता. आणि लिहिलं होतं ते असं, की धेनुकाकट नावाच्या गावच्या एका यवनाने हा खांब दान दिला. यवन, म्हणजे समुद्रापलीकडून आलेला, बहुधा ग्रीक. कार्ल्याच्या खांबांवर असे यवन बरेच आहेत, सरांनी ते शिकवलेलं होतं. आज्याने चाचपडत हात टेकला तो नेमका त्यांच्यातल्या एकावर.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायचं म्हणून मी हे सगळं लिहायला घेतलं. मला आनंद झाला. दुःख नाही, काळजी नाही, चक्क आनंद. मी कष्टाने मिळवलेल्या विद्येने काहीतरी खोटं पकडलं होतं, आणि ते माझ्या घरातलंच निघालं याने तो आनंद उणा झाला नाही, वाढला. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, अक्षरं बरोबर आहेत. ते म्हणाले, "मंग मान्सांम्होरं वाच." आणि मंडपाकडे पळाले. कार्यक्रमाला अजून चार तास होते. त्या चार तासांत मी अंघोळ केली, पोहे खाल्ले, आईबरोबर खिरीसाठी वेलदोडे कुटले, सतरंज्या अंथरल्या, दादांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. बटण लावताना ते माझ्यासमोर वीतभर अंतरावर उभे होते. दादा, यात घोळ आहे, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणाले नाही. गाठ मारून दोरा दाताने तोडला आणि मनातल्या मनात मी माझी वाक्यं जुळवत राहिले.

वंदना झाली. भन्ते थोडं बोलले. समोरच्या खुर्च्यांवर गावातून आलेले सरपंच आणि चार-पाच शेतकरी मंडळी बसली होती, मागे सतरंजीवर आमची वस्ती. दादांना माइकपाशी उभं केलं. त्यांनी माइकवरही एकदा टकटक केलं, लोक हसले. मग ते बोलले. आयुष्यात एकदाच बोलले म्हणून मला ते पाठ आहे.

"आमाला म्हन्त्यात, तुमी घेनारे. गावानं दिलं त्ये घेतलं, सरकारनं दिलं त्ये घेतलं. पर आमीबी दिलंया. दोन हजार वर्सामागं आमी खांब दिलाया, आन त्यो अजून उभा हाय. म्या म्हन्तो म्हून न्हाई, लिवल्यालं हाय. माजी पोरगी वाचून दाखवील."

सरपंचांनी मान डोलावली. चांगला माणूस होता, खरंच ऐकत होता. दादांनी माइक माझ्या हातात दिला आणि खांबाच्या बाजूला, फोटोत उभे राहतात तसे उभे राहिले.

मी पुण्याच्या भाषेत बोलले. आधी ब्राह्मी म्हणजे काय ते सांगितलं, माझी हुशारी लोकांना नीट दिसावी म्हणून. मग बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग अर्थ सांगितला. "हा खांब धेनुकाकटच्या एका यवनाने दिलेला आहे. यवन म्हणजे परदेशातून आलेला, ग्रीक असेल. इथला नाही. आपला तर नाहीच." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझं वाक्य तयार होतं आणि ते वाया घालवायची माझी इच्छा नव्हती. "आमच्या दादांनी वर्षभर बसून दुसऱ्याच्या घरावरची पाटी उतरवून घेतली, आणि आपल्या दाराला लावली."

सगळ्यात आधी दादा हसले. माझ्या बोलण्यातलं निम्मं त्यांना कळलं नव्हतं, आणि पोरगी चांगलंच काहीतरी बोलली असणार असं धरून ते हसले. त्यांच्या हसण्याने बाकीच्यांना मोकळीक मिळाली. खुर्च्यांवर हशा झाला, मग सतरंजीवर झाला, आणि त्या हशाकडे बघत असताना दादांना अर्थ कळत गेला. त्यांचं हसू एकदम गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं, आणि बाकीचा चेहरा त्याच्या मागून निघून गेला. सोपानकाकांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि जाहीर केलं की खीर गरम आहे, मंडळींनी बसून घ्यावं.

पंगतीत दादा वाढत होते. यजमानच होते, वाढणं भाग होतं. खिरीची बादली घेऊन ते रांगेतून फिरत होते तेव्हा कुणीतरी हाक मारली, "ओ यवनदादा, हिकडं वाढा जरा." हाक सोपानकाकांची होती. पुन्हा हशा झाला. दादा वळले आणि त्यांनी वाढलं. गावातल्या सगळ्यांनी शाळेत यवन हा शब्द ऐकलेला होता, शत्रू म्हणून. त्याच पंगतीत तो शब्द माझ्या बापाला चिकटला आणि नंतर सुटला नाही. रेल्वेतल्या त्यांच्या गँगमध्ये पोचला, वाण्याच्या दुकानात पोचला, टपालवाल्यानेही एकदा घर विचारताना यवनाचं घर म्हणून विचारलं. मी दिलेलं नाव होतं ते.

घरी आल्यावर आई चुलीपाशी बसली. चूल पेटवली, चहा टाकला, आणि चुलीकडे तोंड करून एकच म्हणाली. "सकाळीच कळलं व्हतं ना तुला? बटन लावताना तुजा हात थरथरत न्हवता, म्या बघत व्हते." मी म्हणाले की खरं ते सांगायला नको का. आईने चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला. त्या दिवसापासून तिने मला टोमणा मारणं बंद केलं. मी घरी आले की पाट मांडायची, चांगलं स्टीलचं ताट काढायची, दादांच्या आधी मला वाढायची आणि विचारायची, आणखी घेणार का. पाहुण्यांना वाढतात तसं. मी किती वेळा तिला मुद्दाम डिवचलं असेल की एकदा तरी तिने म्हणावं, पाठीत घालीन. ती म्हणायची, "न्हाई, घे की, लाजू नगंस." मरेपर्यंत ती माझ्याशी गोड बोलली.

दादा त्या दिवशी दिवेलागणीला माझ्यापाशी आले. माझी पिशवी भरणं चाललं होतं. ते कॅलेंडरची पानं घेऊन आले होते आणि दारातच उभे होते. म्हणाले, "मला शिकिवशील का ही अक्षरं? मंजी मला वाचाया येतील." मला तेव्हा त्यांच्यावर राग आला होता. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं होतं की जणू चूक माझीच, आणि हा माणूस अजून त्या खांबाला सोडायला तयार नव्हता. मी म्हणाले, "आधी मराठी तरी नीट वाचा, दादा." त्यांनी थोडा वेळ विचार केला, खरंच विचार केला, आणि म्हणाले, "व्हय." पानं परत घेऊन गेले. सकाळी मी गाडीची वाट बघत फलाटावर होते तेव्हा लांबून हातोड्याचा आवाज येत होता. मी पुण्याला गेले आणि परीक्षेत पहिली आले.

आता वय झाल्यावर एक गोष्ट लिहायला हवी. त्या यवनांबद्दल विद्वानांमध्ये वाद आहेत, हे मी पुढे शिकवायला लागले तेव्हा वाचलं. ते खरंच समुद्रापलीकडून आलेले होते, की इथलीच माणसं काही कारणाने स्वतःला तसं म्हणवत होती, यावर एकमत नाही. धेनुकाकट नेमकं कुठे होतं हेही ठाऊक नाही, इथेच जवळ कुठे असेल असं म्हणणारेही आहेत. एकोणीस वर्षांच्या मला यातलं काही माहीत नव्हतं. मला खात्री होती. आणि खात्रीने मी म्हणाले होते, इथला नाही, आपला तर नाहीच. हे मला समजलं तेव्हा दादा जिवंत होते, निवृत्त झाले होते, मळवलीलाच राहत होते. मी हे सांगायला म्हणून एकदा मुद्दाम गेले. गॅसच्या शेगडीबद्दल बोललो, त्यांच्या गुडघ्याबद्दल बोललो, आणि मी परत आले. आपण चुकलो असू असं म्हणायची सवय मला नव्हती.

पौर्णिमेला ते डोंगर चढायचे थांबले नाहीत, हे मात्र सांगितलं पाहिजे. गुडघे दुखत असतानाही चढायचे. पण आत जायचे नाहीत. बाहेर सिंहाचा मोठा स्तंभ आहे, त्याच्या बुंध्याशी बसायचे आणि आईला, वस्तीतल्या बायकांना, पोरांना म्हणायचे, "जावा तुमी आत. मी चपला बघतो." मी बरोबर असले की मलाही तेच म्हणायचे. मी आत जायची, हत्तींवरच्या जोडप्यांकडे आणि काहीच न पेलणाऱ्या फासळ्यांकडे बघायची, आणि बाहेर आले की माझी चप्पल पायात घालता येईल अशी सरळ करून ठेवलेली असायची.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी विहाराची डागडुजी झाली. मूर्तीच्या मागे रंग बदलणारं दिव्यांचं चक्र बसवलंय, लाल, हिरवं, जांभळं. घुमटाला सोनेरी रंग दिलाय. समोरच्या चारही खांबांना खालपासून वरपर्यंत काळा ग्रॅनाइट लावलाय आणि त्यावर देणगीदारांची नावं कोरली आहेत, सोपानकाकांना पूर्वी हवं होतं तसं. अक्षरांचा तो पहिला खांब आता आत आहे, ग्रॅनाइटच्या आत. आणि त्या खांबावर सगळ्यात वर, सोनेरी अक्षरांत, माझं नाव आहे. नावाआधी प्राध्यापक असं लिहिलंय. मी हातभार लावला होता, पण नाव घालायचं मला कुणी विचारलं नव्हतं.

मी सोपानकाकांकडे गेले. मिशी पांढरी झाली आहे, काठी घेऊन चालतात, ऐकू कमी येतं. मी मोठ्याने सांगितलं की माझं नाव काढा आणि तिथे दादांचं घाला, विहार त्यांच्यामुळे झालाय. त्यांनी कानामागे हात धरून ऐकलं. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी परत सांगायला लागले तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं.

"न्हाई घालता येनार, पोरी. त्यो जायच्या आदी, ह्या नावांचं पयल्यांदा निगालं तवा, आमी त्याला इचारलं व्हतं, म्या सोता गेलतो. म्हनला, माजं नाव कुटंबी घालू नका. कुनीतरी वाचील."